द्वारकाअक्काची टिकल्यांची भिंत

२०२५ साल. मला सहासष्टावं लागलं होतं आणि द्वारकाअक्का बहात्तरला टेकली होती. त्या वर्षी आमच्या गावात नगराध्यक्षाची निवडणूक लागली. बरीच वर्षं पालिका प्रशासकाच्या हातात होती, त्यामुळे लोकांना निवडणुकीची भूकच लागली होती. त्या निवडणुकीत मी अक्काशी जे वागलो ते लिहून ठेवायला बसलो आहे. माझं शिक्षण चौथी, तेही पुरतं नाही. पण पालिकेत तीस वर्षं काढली, हजेरीपुस्तकात सही केली, अंगठा कधी लावला नाही. तेव्हा लिहीन तर मीच लिहीन. चुकलं तर चुकलं.

आमचं गाव पाचोऱ्याहून एसटीनं तासाभराचं. मी तिथं वॉलमन होतो. रस्त्याच्या कडेला खड्ड्यात लोखंडी वॉल असतो. माणसाच्या छातीइतकी लांब चावी त्याला लावायची आणि फिरवायची, की त्या भागाला पाणी सुटतं. सोपं काम वाटतं. पण कोणत्या गल्लीला कधी आणि किती, हे त्या चावीवर असतं, म्हणजे वॉलमनच्या मनगटावर. गावात मला मान होता. लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव 'आबा वॉलमन' असंच छापायचे आणि मला ते आवडायचं. एक चहा सोडला तर मी कोणाकडून काही घेतलं नाही. स्वतःच्या गल्लीलाही कधी मिनिटभर जास्त पाणी दिलं नाही. ही माझी घमेंड होती. ती पुढं नडली.

द्वारकाअक्का माझ्याच गल्लीत, माझ्यापासून चार घरं सोडून राहायची. उंच, काटक, जिनिंगमध्ये कपाशी निवडून निवडून बोटं वाकडी झालेली. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे तोंडात अस्सल अहिराणी. सासरी येऊन पन्नास वर्षं झाली तरी तिनं भाषा बदलली नाही. तहसीलदार आला तरी त्याच्याशी अहिराणीतच बोलायची. तो "काय म्हणाल्या?" असं विचारायचा, आणि ती तेच पुन्हा मोठ्यानं सांगायची.

पाणी यायच्या आधी नळातून हवा येते, फुसफुस आवाज होतो. बाकीच्या बाया घागरी मांडून बसायच्या. अक्का नळाला कान लावून उभी राहायची. आवाजावरून ती सांगायची, आज जोर आहे की नाही, दोन हंडे भरतील की आठ. मग गल्लीभर हाक जायची, "उनं वो बायाहो, उनं!" उनं म्हणजे आलं. ती हाक ऐकून झोपलेली माणसंसुद्धा बादल्या घेऊन धावायची. मी कोपऱ्यावर चावी धरून उभा असायचो. पाणी सोडणारा मी, पण ते आलं असं गल्ली मानायची अक्काच्या हाकेवर. मला थोडा राग यायचा त्याचा. हसूही यायचं.

तिचा नवरा मार्केट यार्डात हमाल होता. तो गेला तेव्हा नणंदांनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. घरात एका डब्यात टिकल्यांची सात-आठ पाकिटं होती, जत्रेतून आणलेली. नणंद म्हणाली, दे टाकून. अक्का म्हणाली, इकत आनेल शेतस, टाकू काबर? पुढं चार दिवसांनी नळाला पाणी आलं, तेव्हा तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला एक लाल टिकली चिकटवली. पुढच्या वेळी दुसरी. तेव्हापासून सुरू झालं. तिला अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. महिना संपला की टिकलीपासून टिकलीपर्यंतच्या रिकाम्या घरांवर बोट ठेवून मोजायची. वर्ष संपलं तरी कॅलेंडर काढायची नाही. नवीन त्याच खिळ्याला जुन्यावर लटकवायची. होता होता खिळा पुरेना, म्हणून तिनं भिंतीत गजाचा तुकडा ठोकून घेतला. त्यावर वीस-बावीस वर्षं लटकलेली, गादीसारखी जाड.

आणि तिची एक युक्ती होती. नगराध्यक्ष बदलला की टिकलीचा रंग बदलायचा. एकाची लाल, दुसऱ्याची चॉकलेटी, तिसऱ्याची हिरवी. बांगडीवाला कासार गल्लीत आला की ती टिकल्या घ्यायची. बाया चिडवायच्या.

"अक्का, कोणासाठी वो टिकल्या?"

"नयसाठे," अक्का म्हणायची. नळासाठी. "त्याले कोन्ही कुंकू लावतच नई."

निवडणूक आली की मतदानाच्या आधीच्या रविवारी, दुपारची भांडी झाली की, गल्लीतल्या बाया अक्काच्या घरी जमायच्या. कॅलेंडरं गजावरून खाली यायची, जमिनीवर पसरायची. एकेक बाई एकेक वर्ष मोजायची. याला त्या 'भिंत वाचणं' म्हणायच्या. आम्ही पुरुष ओट्यावर बसून टिंगल करायचो. आमच्याकडे उमेदवार कसा ठरायचा? कोणत्या जातीचा, कोणाचा सोयरा, कोणाच्या जिपेत बसलो होतो, यावर. बाया आत बोटांवर मोजत असायच्या. कोणाच्या काळात पाणी किती दिवसांनी आलं, एवढंच.

अक्काचा न्याय कडक होता, पण एकतर्फी नव्हता. एक नगराध्यक्ष होता, तोंडानं फार घाण. पालिकेत गाऱ्हाणं घेऊन गेलेल्या बायांना शिवी देऊन हाकलायचा. गल्लीत त्याचं नाव कोणी घेत नसे. तो पुन्हा उभा राहिला तेव्हा बाया म्हणाल्या, याचं तर मोजायचंच नाही. अक्कानं त्याची वर्षं खाली काढली. लाल टिकली. पाच दिवस, पाच दिवस, सहा, पाच.

"तोंड घान शे त्यानं," अक्का म्हणाली, "पन पानी चोख दिधं. मत द्यायनं नसई ते नका देऊ. मोजनी खोटी करानी नई."

मध्येच एका महिन्यात टिकल्याच नव्हत्या. एक बाई म्हणाली, हा महिना बघा ना, कोरडा. अक्कानं तो महिना बाजूला ठेवला. "मोटर जयनी व्हती तवय. त्यामा त्याना काय दोष?" जळालेल्या मोटारीचं पाप माणसावर टाकायचं नाही, असा तिचा कायदा. मी ओट्यावरून ऐकत होतो. मला वाटलं, आमच्या पालिकेच्या सभेत असं कोणी बोलताना मी कधी पाहिलं नाही.

आता माझं सांगतो. प्रल्हादनाना जेव्हा नगराध्यक्ष झाले तेव्हा माझ्या नोकरीची तीनच वर्षं उरली होती. नानांच्या वडिलांनी मला रोजंदारीवरून कायम केलं होतं, ते उपकार मी चारचौघांत सांगायचो. नानांनी बायपासजवळ प्लॉट पाडून नवीन कॉलनी वसवली होती. एके दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्चीवर बसवलं. एरवी शिपायाला कोण खुर्ची देतो? म्हणाले, "आबा, तुमच्या गल्लीकडची लाईन जुनी आहे. पूर्ण प्रेशर दिलं तर फुटेल. वॉल अर्धाच फिरवत जा. आणि तिकडची पाळीही जरा लांबवा." लाईन जुनी होती हे खरं. फुटली नसती हेही मला माहीत होतं. पण खुर्चीवर बसलो होतो. म्हटलं, बरं.

त्यानंतर आमच्या गल्लीला नऊ, दहा, अकरा दिवसांनी पाणी यायला लागलं, तेही अर्ध्या जोरानं. कॉलनीला चौथ्या दिवशी. माझी बायकोही त्याच गल्लीत पाणी भरत होती. तिला मी सांगितलं, लाईन जुनी आहे. तिनं मानलं. मधल्या दिवसांत ती वरच्या आळीच्या बोरिंगवरून हंडे वाहायची. त्यात तिचा एक गुडघा गेला.

अक्का माझ्यासाठी वॉलपाशी चहा आणायची. तिची रीत होती ती. काळा चहा, गूळ घातलेला, जर्मनच्या पेल्यात. नवरा गेल्यापासून दूध तिच्या घरी आलं नाही. "दूध पिनारं गेलं," एवढंच म्हणायची नवऱ्याबद्दल. एके सकाळी मी वॉल फिरवून चावी काढली, तेव्हा ती पेला घेऊन उभी होती. माझ्या हाताकडे पाहिलं.

"आबा, आज हात लवकर थांबना."

"लाईन जुनी शे, अक्का. फुटी जाई."

तिनं पेला दिला. त्यानंतर तीन वर्षं ती दर पाळीला चहा आणत राहिली, आणि त्या हाताबद्दल परत कधी बोलली नाही. मला वाटायचं, तिला कळलं नाही. नळाला कान लावून हंडे सांगणारी बाई ती, तिला कळलं नसेल असं मी कसं मानलं? मानलं, कारण मला तेच बरं होतं.

२०२५ च्या निवडणुकीत नाना पुन्हा उभे राहिले. समोर एक तरुण वकील. नानांनी छापील पत्रक काढलं, पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरात, 'माझ्या काळात संपूर्ण गावाला चार दिवसाआड पाणी'. मी रिटायर झालो होतो. नानांचा माणूस घरी आला, गळ्यात उपरणं टाकलं, म्हणाला, आबा, तुम्ही पाहिजेत. मी गेलो. फेरीत सगळ्यात पुढं नाना, मी त्यांच्या मागे दुसऱ्या ओळीत.

फेरी आमच्या गल्लीत आली. नाना अक्काच्या दारात हात जोडून उभे राहिले.

"अक्का, आशीर्वाद द्या."

"या, बसा. पयले भिंत दखा, मंग हात जोडा."

नाना हसत आत गेले. अक्कानं नानांची, हिरव्या टिकल्यांची वर्षं वरती काढून ठेवली होती. बोट ठेवून म्हणाली, मोजा. नानांनी मोजलं नाही. मग तिनं माठातून पेलाभर पाणी काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"प्या. अकरा दिननं शे. पालिकानं पानी आते बी तसंच येस."

नानांनी पेला तोंडापर्यंत नेला. पाण्यात तळाशी माती दिसत होती. त्यांनी तो तसाच खिडकीत ठेवला. मागची पोरं खुसखुसली.

"काबर? आमी तर पितस ना," अक्का म्हणाली.

बाहेर आल्यावर नाना माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "आबा, तुमच्या गल्लीत लई शहाण्या बाया आहेत." मी हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

मतदानाला चार दिवस राहिले असताना चौकात नानांची सभा झाली. संध्याकाळी पाचची वेळ, ऊन उतरलेलं. मंडपात मला पहिल्या रांगेत खुर्ची. नाना बोलत होते. पत्रकातलीच वाक्यं. चार दिवसाआड पाणी म्हणाले तेव्हा मागून आवाज आला.

"नाना, थांबा जरा."

अक्का उभी होती, काखेत कॅलेंडरांची गुंडाळी. गल्लीतल्या दोन-तीन बाया तिच्यामागे. ती सरळ चालत पुढं आली. एक कॅलेंडर उघडून धरलं.

"हाई तुमना काळ शे. हिरवी टिकली. दखा, अकरा दिन. दहा दिन. चार दिन कथा शेतस, दखाडा." चार दिवस कुठं आहेत ते दाखवा, म्हणत होती.

लोक हसायला लागले. कोणीतरी ओरडलं, "अक्का, कपाळावर लावता येत नाही म्हणून भिंतीला लावता का टिकल्या?" आणखी हसू फुटलं. अक्कानं तिकडे पाहिलंही नाही.

नाना हुशार माणूस. माईक हातात धरून शांतपणे म्हणाले, "अक्का, वॉल माझ्या हातात होता का? ज्यांच्या हातात होता ते इथंच बसले आहेत. आबा तीस वर्षं वॉलमन होते. त्यांनी सांगावं. आबा जे म्हणतील ते मला मान्य."

सगळा मंडप माझ्याकडे वळला. अक्काही वळली, आणि तिचा चेहरा मोकळा झाला. तिला आनंदच झाला.

"हां, आबाच सांगतीन," ती म्हणाली. "आबा खोटं बोलाव नईत." आणि मग लोकांकडे वळून म्हणाली, "त्यास्ना दोष नई. चावी अर्धी फिरावाले त्यास्ले वरथून सांगेल व्हतं. नोकर मानूस, काय करतीन?"

ती मला वाचवत होती. आज कळतं. मोटार जळाली तो महिना जसा तिनं बाजूला ठेवला, तसंच मला बाजूला ठेवत होती. पण मला तेव्हा एकच ऐकू आलं. चारशे माणसांसमोर या बाईनं सांगितलं की आबा वॉलमन अर्धी चावी फिरवायचा, आणि वर मला माफही केलं. मला माफ करणारी ही कोण? कान गरम झाले. मी उठलो.

"वॉल पुरा सोडत होतो," मी म्हणालो. "माझ्या नोकरीत मी कधी अर्धा वॉल सोडला नाही. आणि या टिकल्या पाण्याच्या नाहीत. त्या दुधाच्या खाड्याच्या आहेत."

मंडप हसण्यानं फुटला. खाडा म्हणजे दूधवाला न आलेला दिवस. आमच्याकडे घरोघरी कॅलेंडरवर खाड्याची खूण करतातच. त्यामुळे प्रत्येकाला ते लगेच पटलं. प्रत्येकाच्या घरी तसं कॅलेंडर होतं. "अक्का, दूधवाल्याला नगराध्यक्ष करा," कोणी ओरडलं. शिट्ट्या वाजल्या. नानांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

अक्कानं हात खाली घेतले. मग कॅलेंडर गुंडाळलं. जाताना माझ्या खुर्चीजवळून गेली, जराशी थांबली आणि इतक्या हळू बोलली की शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही.

"वीस वरीस मना हातना काया च्या पिनात, आबा. दूध कवय दखं त्याम्हा?"

जिच्या चहात दूध नाही तिच्या घरी दुधाचा खाडा कुठला? तिनं हे माईकसमोर म्हटलं असतं तर मी तिथंच संपलो असतो. गल्लीतल्या बाया तिथं होत्या, त्यांनी हो म्हटलं असतं. ती मोठ्यानं बोलली नाही. पदर सावरला आणि चौकातून निघून गेली.

ती सभा कोणीतरी मोबाईलवर घेतली होती. रात्रीपर्यंत गावभर फिरली. 'आबा वॉलमननी उघडं पाडलं' असं वर लिहिलेलं. माझ्या बायकोनंही पाहिलं. शेजारणीला म्हणाली, "मना मानूस कोनापुढे झुकत नई." मी भाकरी खात होतो. घास गिळला आणि ताटावरून उठलो. ती म्हणाली, काय झालं? म्हटलं, मीठ जास्त झालंय.

त्या रविवारी भिंत वाचली गेली नाही. दुपारी मी ओट्यावर बसून राहिलो. अक्काच्या घरी एकही बाई गेली नाही. मी मनाला सांगितलं, म्हणजे त्यांनाही माझंच पटलं.

मतदानाच्या दिवशी शाळेत दोन खोल्या होत्या, दोन रांगा. मी एका रांगेत उभा राहिलो. अक्का शेजारच्या रांगेत होती. माझ्या हातातल्या चिठ्ठीवरचा आकडा तिनं पाहिला.

"आबा, तुमनी खोली ती शे. आठे नका उभा ऱ्हाऊ, पाय दुखतीन."

मी रांग बदलली. बोलायला तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं, मला माहीत नाही. नाना निवडून आले. आमच्या भागात मागे पडले, पण गावानं तारलं. त्यांनी मलाही हार घातला. तो हार मी पालिकेच्या फाटकावरच काढून ठेवला. लोकांना वाटलं, आबाला मोठेपणा नको.

पुढच्या आठवड्यात कळलं की अक्का धुळ्याला लेकीकडे निघाली, कायमची. मी बसस्टँडवर गेलो. का गेलो, सांगता येत नाही. बोलायचं ठरवलं होतं, पण स्टँडवर दहा ओळखीचे निघाले, आबा या, आबा बसा. अक्का धुळ्याच्या गाडीत चढून खिडकीशी बसली होती. मांडीवर एक पिशवी. भिंतीवरचं एकही कॅलेंडर तिनं बरोबर घेतलं नव्हतं. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो.

"अक्का, घर बंद करून चालल्या?"

"आते आठे काय काम शे मनं?" ती म्हणाली. रागानं नाही. मग खिडकीतून खाली वाकली. "आबा, थंडी पडनी. मफलर घाला."

गाडी निघाली. ती पुढं पाहत होती, समोरच्या रस्त्याकडे. पदर डोक्यावर ओढलेला. गाडी वळली तेव्हा मला तिच्या वाकड्या बोटांचा हात खिडकीच्या गजावर दिसला. तेवढंच शेवटचं. दोन महिन्यांनी ती धुळ्यालाच वारली, असा निरोप आला. मातीला जायचंही मला जमलं नाही.

पण हे लिहायचं ते त्या बसच्या दिवसाबद्दल. घरी परत येताना गल्लीच्या तोंडाशी मंगलबाई भेटली. अक्काच्या शेजारची, धुणीभांडी करणारी. सभेत अक्काच्या मागे हीच उभी होती. मी विचारलं, कॅलेंडरं कुठं गेली? म्हणाली, चुलीत. अक्कानं चार दिवस त्यावर आंघोळीचं पाणी तापवलं. मी म्हटलं, त्या रविवारी तुम्ही कोणी वाचायला गेला नाहीत ना.

मंगलबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली पाहावं लागलं.

"आम्ही निघालो होतो, आबा. सगळ्या. अक्कानंच दारातून परत पाठवलं. म्हणाली, यंदा वाचायचं नाही. वाचलं तर आबा गल्लीत खोटे पडतील. म्हातारा माणूस आहे, बायको-पोरं आहेत, त्याला इथंच राहायचंय. तुम्हाला माहीत आहे ते मनात ठेवा न् मत द्या."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तिच्या घरचा चहा आम्ही नाही का प्यायलो, आबा?" असं म्हणून ती बादली घेऊन निघून गेली.

त्या रात्री मी झोपलो नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, धुतलेली बंडी घातली आणि गल्लीच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. दार वाजवलं. बाई दात घासत बाहेर आली. म्हणाली, "आबा, निवडणूक तर झाली ना?" मी म्हटलं, टिकल्या पाण्याच्या होत्या. वॉल मी अर्धा सोडत होतो. अक्का खरी होती. तिनं "आत या" म्हटलं. मी गेलो नाही. पुढच्या दारी गेलो. कुठं कोणी "जाऊ द्या आता" म्हणालं. एकीनं ऐकून दार लावून घेतलं. मंगलबाईच्या दारातही गेलो, तिला माहीत होतं तरी. अक्काच्या घराला कुलूप होतं. तिथंही क्षणभर थांबलो.

शेवटचं दार माझं स्वतःचं. बायको उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. मला बाहेरच उभा पाहून म्हणाली, "आत या ना, काय पाव्हन्यासारखं." मी बाहेर उभा राहूनच तिलाही तेच सांगितलं, शब्दाला शब्द. तिचे हात थांबले. आपल्या गुडघ्याकडे पाहत राहिली, तोच गुडघा जो आता वाकत नाही.

"मंग इतला वरीस बोरिंगवरना हंडा मी तुमनामुये वाह्यात?"

मी म्हणालो, "हो."